प्रकृती गंभीर नाही

“आता प्रकृती गंभीर नाही,” असं सांगून डॉक्टर गेले. कुमुदताईंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. खाटेवरचा नवरा छताकडे बघत पडला होता. स्वतःच्या लग्नात भटजींना मंत्र विसरेपर्यंत हसवणारा हा माणूस ऑपरेशननंतर चेष्टेचा एक शब्द बोलला नव्हता. इतका गंभीर त्यांनी त्याला कधीच पाहिला नव्हता.

सिस्टरने त्याला चमच्याने डाळीचं पाणी पाजलं. त्याने सावकाश चव घेतली.

“सिस्टर, ह्यात डाळ घातली होती, की नुसती लांबून दाखवली?”

“गप्प प्या हो आजोबा.”

सकाळपासून उभ्या असलेल्या कुमुदताई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी मुलीला फोन लावला.

“अगं, रडू नकोस. बाबांनी आत्ता सिस्टरची चेष्टा केली.”