सैमूरचं पाणी

कोळ्यांनी पेटी दुपारपर्यंत वर काढली, पण आतल्या कागदांवरची शाई धुऊन गेली होती. बगदादच्या नावेत चढवताना ती हमालाच्या खांद्यावरून निसटली आणि बसऱ्याच्या धक्क्यालाच बुडाली. सुवैदने भिजलेली पानं घराच्या अंगणात एकेक करून पसरली. अर्धं आयुष्य तो देशोदेशी फिरला होता, आणि पुढची कित्येक वर्षं ते सारं लिहून काढत बसला होता. आता पानांवर नुसते राखाडी डाग होते.

मयताच्या घरी यावेत तसे शेजारी येऊन बसले. मैमून न्हावी भिंतीला टेकला. सुवैदच्या बायकोने, रबाबने, मसुरीचं कढण आणून ठेवलं.

"अहो, दोन घोट तरी घ्या."

"मी कुठं गेलोच नव्हतो असं झालं, रबाब."

कढणावर साय धरली.

तेवढ्यात रबाबचा भाऊ खल्लाद आला, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. खजुराचा हा व्यापारी सुवैदच्या गोष्टींना हसला नाही अशी एक पंगत झाली नव्हती. "दाजी, मागच्या खेपेला मासा एवढा मोठा नव्हता," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आज तरी गप्प राहा, असं रबाबने त्याला डोळ्यांनी बजावलं.

खल्लादने अंगणभर नजर फिरवली. एक पान उचलून उजेडात धरलं, परत ठेवलं आणि खाली बसला.

"चला, बरं झालं," तो म्हणाला. "ती सैमूरची थाप तरी बुडाली."

"खल्लाद!" रबाब ओरडली.

"खोटं बोलतोय का मी? हिंदच्या किनाऱ्यावर, सैमूर बंदराजवळ वारा पडला, गलबत जागचं हलेना, माणसं तहानेने मरायला टेकली. आणि भर समुद्रात कोण आलं, तर एक म्हातारी कोळीण! होडीतून ताडी घेऊन!"

"ताडी नाही, पाणी," मैमून म्हणाला.

"ताडी."

"अरे पाणी! मडक्यातलं. माझ्याच दुकानात बसून सांगितलंय त्यांनी, अर्धी दाढी झालेली असताना."

"आणि त्या पाण्याला धुराचा वास होता," रबाब म्हणाली. "मडकं चुलीवरचं होतं ना तिचं. मला विचार. कांदा चिरताना, पीठ मळताना, किती वेळा ऐकलंय मी."

"बरं, पाणी. मग म्हातारीने ते पहिल्यांदा नाखवाला पाजलं..."

"नाही!"

हा आवाज सुवैदचा होता. सगळे वळले.

"नाखवाने वाडगा ओढला होता तिच्या हातातून," सुवैद म्हणाला. "तिने तो परत हिसकावला. फळीवर एक खलाशी पडला होता, जीभ बाहेर आलेली. आधी त्याला पाजलं. आणि नाखवाला शिव्या घातल्या. शब्द कळत नव्हते, पण शिव्याच होत्या."

"मग तुमची पाळी कधी आली?" खल्लादने विचारलं.

"शेवटी. मी बसून होतो ना, पडलेलो नव्हतो. मडक्यात तळाशी थोडंच उरलं होतं. तिने माझं डोकं मांडीवर घेऊन पाजलं."

"हे मला कधी सांगितलं नाहीत," रबाब म्हणाली.

"लिहिलंही नव्हतं."

मग खल्लादने घसा खाकरला. "आणि ते झांज देशाच्या हबशी राजाचं... त्याच्या दारात बैल बांधले होते की हत्ती? माझ्या लग्नात हत्ती होते. पोराच्या सुंतेला बैल झाले."

"बैल. लग्नात तुझ्या सासऱ्याला खूश करायचं होतं."

मैमून खो खो हसला. रबाबने तोंडाला पदर लावला. मग एकेकाला एकेक आठवायला लागलं. कुणाला बर्फातला वाटाड्या, कुणाला मीठ विकणारी विधवा, कुणाला दाराला कडी न लावणारं गाव. जिथं सगळे अडायचे तिथं खल्लाद सांगायचा: वाटाड्याचा कोणता डोळा गेला होता, विधवेच्या गाढवाचं नाव काय होतं.

सुवैद त्याच्याकडे बघत राहिला. "तुला तर यातलं एक अक्षर पटत नव्हतं."

"आजही पटत नाही. पण माणसाला खोट्यात धरायचं तर त्याचा शब्दन् शब्द लक्षात ठेवावा लागतो, दाजी."

कागदांत लिहिलेल्या राजांच्या वंशावळी मात्र कुणालाच आठवल्या नाहीत. त्या सुवैदने कधी कुणाला सांगितल्याच नव्हत्या. त्या गेल्या त्या गेल्याच.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा सुवैदने गार झालेलं कढण ओठाला लावलं आणि वाटी रिकामी करूनच खाली ठेवली. मग त्याने कोरा कागद आणि बोरू मागितला.

इतिहास लिहिणाऱ्यांची एक रीत असते. डोळ्यांनी पाहिलेलं सरळ लिहायचं, आणि ऐकलेलं असेल तर आधी सांगणाऱ्याचं नाव घालायचं. सुवैदने हे सारं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तो बोरू हातात धरून बराच वेळ समोरच्या माणसांकडे बघत बसला. मग त्याने चार ओळी लिहिल्या आणि डोळे पुसले.

"वाचा की," रबाब म्हणाली.

"हे मला माझी बायको रबाब हिने सांगितलं, मैमून न्हाव्याने सांगितलं, आणि खजूरवाल्या खल्लादने सांगितलं. सैमूरजवळ एक गलबत अडकलं होतं, आणि त्यावर सुवैद नावाचा एक तहानलेला माणूस होता."

खल्लादने मान पुढे काढली. "मला पटत नाही, तेही लिहा."

"लिहिलंय."

"मग ठीक," खल्लाद म्हणाला आणि पुढे सरकून मांडी घालून बसला. "आता त्या म्हातारीचं नीट सांगा."