डाउवेचा गोल

फिल्म लावण्याआधी निंकेनं खिडकीचे पडदे ओढून घेतले. दुपारची वेळ, फुटबॉल क्लबचं कॅन्टीन रिकामं. आत तिघंच होते: निंके, हेसेल राइपमा आणि बाउक्ये.

"अर्ध्या मिनिटाचीच आहे," निंके म्हणाली. "टीव्हीचा कॅमेरा तेव्हा लांब, समोरच्या बाजूला होता. ही कुणीतरी घरच्या कॅमेऱ्यानं घेतलीय. गोलच्या अगदी मागून."

क्लबला शंभर वर्षं होत होती आणि निंके त्याचं पुस्तक लिहीत होती. त्यात हेसेलसाठी तिनं पाच पानं राखली होती.

पाच पानं कमीच होती. हेसेल या क्लबसाठी चौदा वर्षं मधल्या फळीत खेळला होता. चारशे एकतीस सामने आणि एकही गोल नाही. चेंडू हिसकावायचा, मान वर करून बघायचं आणि ज्याला हवा त्याच्या पायात नेऊन ठेवायचा, हे त्याचं काम. एकदा पंचांनी हेसेलच्या संघाला पेनल्टी दिली, तेव्हा हेसेल स्वतः जाऊन म्हणाला, "मला कुणी पाडलं नाही. मी घसरलो." प्रशिक्षकानं त्याला पुढचे दोन सामने बाकावर बसवलं. पण तेव्हापासून फ्रीसलंड या डच प्रांतातल्या त्या गावात कुठलाही वाद निघाला की लोक म्हणायचे, "हेसेलनं सांगितलं ना? मग विषय संपला."

फिल्म सुरू झाली. मे १९८३. मोसमातला शेवटचा सामना, एकोणनव्वदावं मिनिट. याच गोलनं क्लब वरच्या विभागात गेला होता. हेसेलनं लांबून चेंडू मारला, आघाडीला खेळणाऱ्या डाउवेनं उडी मारून डोकं लावलं आणि जाळी हलली, ही गोष्ट गावातल्या प्रत्येकाला पाठ होती. त्याच आठवड्यात क्लब डाउवेला नारळ देणार होता. गोल झाला आणि त्याला तीन वर्षांचा नवा करार मिळाला. पुढे खेळणं थांबल्यावर त्यानं कालव्याकाठी तळलेल्या बटाट्यांचं दुकान काढलं. दुकानाचं नाव 'एकोणनव्वद'. दोन वर्षांपूर्वी डाउवे गेला. दुकान आता त्याची बायको बाउक्ये चालवत होती.

पडद्यावर डाउवे हवेत उडाला. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. केस आणि चेंडू यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा होती.



"पुन्हा लाव," हेसेल म्हणाला.

सहासष्ट वर्षांचा हेसेल खुर्चीतून पुढे सरकला. चाळीस वर्षांत त्यानं स्वतःचा गोल पहिल्यांदाच पाहिला होता. काय मारला होता! पंचवीस मीटरवरून, जमिनीपासून उचललेला, थेट वरच्या कोपऱ्यात. गेल्याच रविवारी नात त्याला चिडवत होती, "आजोबा, चारशे सामन्यांत शून्य? आमच्या गोलकीपरच्या नावावरसुद्धा एक आहे!" तिला आत्ता इथं आणून बसवावं, असं त्याला वाटून गेलं.

मग त्याचं लक्ष बाउक्येकडे गेलं. ती कॉफीच्या कपात बघत होती. कॉफी निवून गेली होती, बशीतल्या बिस्किटाला तिनं हातही लावला नव्हता.

निंकेनं वही उघडली. "फिल्म धूसर आहे. नुसत्या तिच्या जोरावर मी चाळीस वर्षांची नोंद बदलणार नाही. तुम्ही सांगाल ते छापीन. डाउवेचं डोकं चेंडूला लागलं होतं का?"

"लागलं होतं," हेसेल म्हणाला.

"पण इथं तर चक्क..."

"कॅमेऱ्याला काय कळतंय? मैदानात मी होतो. निसटता लागला, पण लागला. माझा फटका तर बाहेरच चालला होता. त्यानं तो आत वळवला."

"नक्की?"

"आता शपथ घेऊ का? गोल डाउवेचा."

बाउक्येनं मान वर केली. "हेसेल, तू माझ्यासाठी म्हणतोयस का हे?"

"छे! तुझा काय संबंध? झालं ते सांगतोय."

"माझ्याकडे बघून सांग."

हेसेलनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. पापणी लवू दिली नाही. "डाउवेच्या डोक्याला लागून गेला. त्याचाच गोल होता, बाउक्ये. तुमच्या दुकानाचं नाव बरोबर आहे."

इतका अचूक पास आपण साऱ्या कारकिर्दीत दिला नव्हता, असं त्याला वाटलं. 

निंकेनं लिहिणं थांबवून बाउक्येकडे पाहिलं. बाउक्येचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"ती फिल्म मीच दिली निंकेला," ती म्हणाली. "माझ्या दिरानं घेतलेली. डाउवेला पहिल्या दिवसापासून माहीत होतं रे. करारासाठी गप्प बसला आणि मग बोलायची सोयच राहिली नाही. दवाखान्यात होता तेव्हा त्यानं हे लिहून दिलं."

तिनं घडी घातलेला कागद उलगडला आणि वाचायला लागली.

"'तीस वर्षं मी हेसेलच्या गोलवर बटाटे तळले. आता पुरे. त्याला समोर बसवून विचारा. तो आजवर कधी खोटं बोललेला नाही, पण माझ्यासाठी बोलेल. तो खोटं बोलला, की गोल त्याच्या नावावर लिहा.'"