सोमवारची गोळी

थायरॉईडची गोळी डॉक्टरांनी तीनदा वाढवली, तरी मासळीवाल्या पद्मावतीमावशींचा रिपोर्ट काही सुधारेना. शेवटी त्यांनी मावशींना आरोग्य केंद्रात नव्याने आलेल्या फार्मासिस्टकडे, वर्षालीकडे, पाठवलं.

"गोळी कधी घेता, मावशी?"

"डॉक्टरान उपाशी पोटी घेवक सांगल्यान ना? मगे उपासाक घेतंय. एक सोमवार चुकवूक नाय."

वर्षालीला हसू आवरेना. "उपाशी पोटी म्हणजे रोज सकाळी, चहाच्या आधी," तिने समजावलं. मावशी मान डोलावून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप तोंडाला लावता लावता वर्षालीने तो तसाच खाली ठेवला. डॉक्टरांनी गोळी वाढवली होती, ती मावशी रोज घेतात असं धरून. एवढी जड गोळी आता खरंच रोज सुरू झाली, तर केसपेपरवर नोंद असलेल्या मावशींच्या कमजोर हृदयाला झेपेल? फोन लागेना. तिने स्कूटर काढली, ती थेट मासळीबाजारात थांबवली.

"मावशी, आज गोळी घेतलीत?"



सुरमईवरच्या माश्या हाकलत मावशी म्हणाल्या, "आज बुधवार, गो बाय. चांगल्या कामाक सोमवारच बरो."