स्विच मधोमध

शाल्मलीने गिटारचा स्विच मधोमध सरकवून तारांचा आवाज टिपणारे दोन्ही पिकअप एकदम चालू केले, तार छेडली आणि नानांनी तोंड वाकडं केलं.

ऑर्केस्ट्रात त्यांनी उभी हयात वाजवलेली गिटार. दांडीजवळचा मऊ आवाजाचा जुना पिकअप त्यांचा. तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळ लेकीने आज आपला नवा, खणखणीत बसवला होता. एकेकटे दोन्ही झकास वाजत, एकत्र मात्र डब्यातून आल्यासारखा पोकळ आवाज.

"माझा काढून टाक पोरी. झालंय त्याचं आता."

"थांबा हो नाना." तिने मागचं झाकण उघडलं, वायरी निरखल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "तुमचा ठीक आहे. मीच माझा उलटा जोडलाय. एक ओढतोय, दुसरा ढकलतोय!"

तिने नव्याच्या वायरींची अदलाबदल करून सोल्डरचे डाग दिले. ते निवताच नानांनी गिटार मांडीवर ओढली. आवाज घरभर भरून राहिला.

कोण वाजवतंय, हे शाल्मलीची आई एरवी स्वयंपाकघरातूनच ओळखायची. आज पिठाच्या हातांनी दारात आली.

"अगंबाई, एकच गिटार? मला वाटलं, दोघं वाजवताय."

"दोघंच वाजवतोय," नाना म्हणाले.