देवक

आमच्या कुळाचं देवक नाकतोडा. नोव्हेंबरात आमचं सगळं मसाका गाव नाकतोडे परतून खातं, आमच्या कुळातले खात नाहीत. मी एकदा मूठभर खाल्ले, तेव्हापासून लोविसा आत्या तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही.

परवा लस घ्यायला आम्ही एकाच बाकावर होतो. आधी माझा धाकटा भाऊ कालिबाला, मग आत्या, मग मी.

नर्सनं कालिबालाला विचारलं, "काही खाल्लं की अंगावर पित्त उठतं का? उठत असेल तर लसीनंतर अर्धा तास थांबायचं, नाहीतर पंधरा मिनिटं."

त्यानं आत्याकडे पाहिलं. "छे, मला कशानंच काही होत नाही."

"होईल कशाला? वळणाचं पोर आहे ते," आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली.

लस घेऊन तो पंधरा मिनिटं थांबला आणि निघाला; आमचा नंबर अजून यायचा होता. सोळाव्या मिनिटाला फाटकापाशी त्याचे ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, श्वास लागला. नर्सनं धावत जाऊन मांडीत इंजेक्शन दिलं. जरा वेळानं तो बोलायला लागला, तशी ती कडाडली, "खरं सांगा, असं आधी कधी झालं होतं?"

"गेल्या नोव्हेंबरात. नाकतोडे खाल्ल्यावर."

नर्स आत्याकडे वळली. "आता तुम्ही, आजी. आणि लपवाछपवी नको, जिवाशी गाठ आहे. नाकतोड्यांनी तुम्हालाही त्रास होतो?"

आत्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मला नाही होत गं. कितीही खाल्ले तरी."