भिंतीतला दोष

"पट्टे दिसतात," काकू म्हणाल्या.

रंगाऱ्याच्या हातातला ब्रश जागच्या जागी थांबला. तीस वर्षांत लोकांनी त्याला बरंच ऐकवलं होतं. उशिरा येतोस, फार बोलतोस, दर तासाला चहा लागतो. पण त्याच्या भिंतीवर पट्टे दिसतात असं म्हणणारा माईचा लाल अजून जन्माला यायचा होता.

तसं पाहिलं तर त्याने खूश व्हायला हवं होतं. आधीचे तीन रंग काकूंनी नापसंत केले तेव्हा तो मनातून खूशच झाला होता. पहिला रंग त्यांना दवाखान्यासारखा वाटला. दुसरा कावीळ झाल्यासारखा. तिसऱ्याकडे बघून त्यांना म्हणे उचकी लागली. प्रत्येक वेळी रंगाऱ्याने चेहरा पाडला, "तुमची मर्जी" म्हणाला आणि पुढच्या कोपऱ्यात पुन्हा आपली सतरंजी पसरली. कारण काम चालू तोवर त्याच्या डोक्यावर छप्पर होतं. त्याची भाड्याची खोली दोन वर्षांपूर्वी इमारतीसकट पाडली गेली. तेव्हापासून जे घर रंगवायचं, त्याच घरात तो पथारी टाकायचा. "ओला रंग रात्री एकटा सोडायचा नसतो," हे तो मालकांना इतक्या गंभीरपणे सांगे की उलट विचारायची कोणाची छाती होत नसे. दोन कामांच्या मध्ये मात्र बसस्थानकावरचा बाक. मागच्या खेपेला तिथे तीन आठवडे काढले, तेव्हा छातीत शिरलेला खोकला अजून मुक्काम हलवायला तयार नव्हता. पुढचं काम ठरलेलं नव्हतं आणि बाहेर थंडी मी म्हणत होती.

शहाण्या माणसाने गुमान मान डोलावली असती आणि पॉलिश पेपर हातात घेतला असता. पण रंगारी कारागीर होता, आणि कारागिराचं नाक फार वर असतं.

"रंग आवडला नाही म्हणा, चालेल," तो म्हणाला. "डोळे तुमचे, आवड तुमची. पण पट्टे? माझ्या भिंतीवर?"

"दिसतात ते दिसतात. म्हातारी झाले म्हणून काय आंधळी झाले?"

त्याने लांब वायरचा दिवा आणला. खिडक्या लावून घेतल्या आणि दिवा भिंतीला अगदी चिकटवून धरला. असा आडवा उजेड पडला की भिंतीला काही लपवता येत नाही. राईएवढा खड्डा असला तरी त्याची सावली पडते. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो दिवा नेत गेला. काकू चष्मा नाकावर चढवून मागोमाग निघाल्या. कुठे सावली नव्हती, कुठे उंचवटा नव्हता.

"दाखवा," रंगारी म्हणाला. "एक पट्टा दाखवा, परत ब्रश हातात धरणार नाही. नाही दाखवता आला तर काम संपलं म्हणा."

बोलून गेला खरा. आपल्याच तोंडाने आपण बसस्थानक गाठलं, हे त्याला कळलं. पण आता माघार कशी घेणार?

काकूंनी भिंतीवरून हात फिरवला. मग त्या उलट्या डब्यावर मटकन बसल्या.

"नाही एकही," त्या म्हणाल्या. "मेल्या, इतकं चांगलं काम करायला तुला सांगितलं होतं कोणी?"

काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"रंग झाला की गिऱ्हाईक येणार. मुलांनी घर विकायला काढलंय. सही मीच दिली, मूर्खासारखी. आता तिघांकडे चार-चार महिने, आळीपाळीने. थोरल्याकडे सोफ्यावर. मधल्याकडे नातीच्या खोलीत, पण ती अभ्यास करत असली की बाल्कनीत. धाकट्याने जागाच ठरवलेली नाही. म्हणतो, आई तू ये तर खरी! चाळीस वर्षं मी या घरची मालकीण, आणि आता पेटी घेऊन दारोदार. म्हटलं, जितके दिवस रंग नापसंत तितके दिवस घर आपलं. तर तू आलास दिवा पाजळत!"

रंगाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने दिवा विझवला.

"काकू, मलासुद्धा घर नाही," तो कसाबसा म्हणाला.

"ते ठाऊक आहे मला. म्हणे ओला रंग एकटा सोडायचा नसतो! या घराला अकरा वेळा रंग लागलाय. दर वेळी एकटाच वाळला."

इतक्यात फोन वाजला. थोरला होता. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"आई, झाला ना रंग? परवा लोक घर बघायला येतायत."

काकूंनी भिंतीकडे पाहिलं, मग रंगाऱ्याकडे.

"आता आणखी नावं ठेवू नकोस हं रंगाला. रंगाऱ्याला दे फोन. तो काय ते खरं सांगेल."

रंगाऱ्याने फोन घेतला. समोर ती भिंत होती. त्याच्या हातून इतकी सुरेख भिंत आजवर झाली नव्हती, पुढे होईल याची खात्री नव्हती. त्याने तिच्याकडे पाठ केली.

"साहेब," तो म्हणाला, "भिंत वाया गेली. माझाच हात चुकला. नुसते पट्टे दिसतायत. सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागेल. चूक माझी, मजुरी नको."

पलीकडे थोरल्याने घर डोक्यावर घेतलं. किती दिवस लागतील, असं तो ओरडून विचारत होता.

रंगाऱ्याने काकूंकडे पाहिलं.

"दोन महिने, साहेब. घाई केलीत तर तीन."