दोन वर्षांचं काम

"हिच्या नादी लागू नका," डेनिस म्हणाली. "तळ गंजलाय. दुसरा गिअर पडत नाही. वायरिंग उंदरांनी कुरतडलंय. खोटं कशाला बोलू?"

वॉल पेथरिक गुडघे टेकून हिरव्या गाडीखाली बघत होता. सत्तरीचा माणूस, उभा जन्म मालगाडी चालवण्यात गेलेला. डेनिसच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन जुन्या स्पोर्ट्स कार होत्या, एक निळी आणि एक हिरवी. दोन्ही तिच्या नवऱ्याच्या. तो दुसऱ्या बाईबरोबर पर्थला निघून गेला, म्हणून तिने त्या विकायला काढल्या होत्या.

"निळी घ्या. ब्रेक बदलले की रविवारी फिरायला मोकळे."

"आणि हिरवीला किती दिवस लागतील?"

"दिवस? एकट्या माणसाला दोन वर्षं. तीही रोज हात काळे केले तर."

"मग हिरवीच."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"माझ्यासाठी नाही. पोरासाठी घेतोय." वॉल दाराचा आधार घेत उठला. उठायला त्याला बराच वेळ लागला.

पोरगा म्हणजे कीरन. छत्तीस वर्षांचा. पोर्ट पिरी गावात त्याच्याइतका चांगला मेकॅनिक नव्हता. गेल्या वर्षी हायवेवरच्या अपघातात त्याची बायको गेली आणि त्याने पाना खाली ठेवला तो ठेवलाच. बापाच्या घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. त्याला एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वॉल रात्री त्याच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचा.

दुपारी वॉलने ट्रेलरवरून हिरवी गाडी अंगणात आणली. खिडकीचा पडदा हलला. बऱ्याच वेळाने कीरन बाहेर आला. अनवाणी, दाढी वाढलेली. त्याने बॉनेट उघडलं. वाकून आत बघितलं. मग गाडीखाली सरकला, आणि तिथूनच त्याचा आवाज आला.

"कुणी गळ्यात मारली ही तुमच्या?"

कित्येक महिन्यांनी तो आपणहून बोलला होता.

"मीच निवडली. सावकाश कर. आज एक नट, उद्या एक. दोन वर्षं लागली तरी चालेल. घाई कुणाला आहे?"

कीरन बाहेर सरकला आणि मातीतच बसून राहिला. हाताला लागलेलं काळं तेल त्याने शर्टाला पुसलं. बापाकडे मात्र बघितलं नाही.

"रंग राहू दे," तो म्हणाला. "टप राहू दे. सीटंही फाटकीच राहू देत. इंजिन, ब्रेक आणि गिअर, एवढंच करायचं. उद्यापासून सकाळी सहाला मला उठवा."

"अरे, पण एवढी घाई कसली?"

"हॉस्पिटलचं पत्र मी वाचलंय, बाबा. डॉक्टरांनी तुम्हाला नाताळपर्यंतचीच मुदत दिलीये."